मुंगसाचा फोटो आणि वकीलसाहेबांचा वाघ

आमचे हे श्रीवर्धनच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. मुंबईच्या दिरांनी यांना डबा कॅमेरा भेट दिला, तेव्हा सगळ्या आळीला वाटलं, आता आपापले फोटो निघणार. लोक ठेवणीतले कोट उन्हात घालू लागले. पण यांना माणसांचे फोटो काढायचेच नव्हते. रविवारी आम्ही सुपारीच्या वाडीत जायचो, मी यांच्या डोक्यावर छत्री धरायची आणि हे खारीपुढे गुडघे टेकून बसायचे.

"मास्तर, सरड्याला एखादा पाट द्या बसायला," असं शेजारीण कुंपणावरून म्हणे. तिची नथ फोटोवाचून राहिली होती.

एका रविवारी आम्ही हरिहरेश्वराला निघालो. बैलगाडीत सोबतीला एक वकील होते. शिकारीचा त्यांना भारी नाद. म्हणजे शिकारीबद्दल बोलण्याचा. सोबत बंदूक होती आणि वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली त्यांनी पूर्वी एकेक वाघ पाहिलेला होता.

दुपारी एका दगडी गडग्याशी गाडी सोडली. मी दडपे पोह्यांचा डबा उघडला, तोच दगडांतून एक मुंगूस डोकावलं. यांना पोहे कुठले सुचतात! दगडावर कॅमेरा ठेवून हे दबा धरून बसले. वकील बंदूक घेऊन मागे उभे राहिले.

"घाबरू नका वहिनी, मी आहे," ते मला म्हणाले.

इतक्यात करवंदीच्या जाळीत मोठ्यानं खसफसलं. "वाघ!" एवढा एकच शब्द ओरडून वकीलसाहेबांनी बंदूक टाकली आणि धोतराचा सोगा दातांत धरून ते गाडीवर चढले. जाळीतून दुसरं मुंगूस बाहेर आलं. बंदुकीच्या दस्त्याला त्यानं हुंगून पाहिलं. त्यात विशेष काही नाही असं ठरवून ते निघणार, एवढ्यात यांनी कॅमेरा तिकडे, गाडीच्या दिशेनं वळवून कळ दाबली.

गाडीवान म्हणाला, "वकीलसाहेब, उतरा आता. मुंगूस हाय, वाघ न्हाय."

वकीलसाहेब जेवण होईपर्यंत वरच बसले. मी त्यांना पोहे वर दिले.

फिल्म आगबोटीनं मुंबईला गेली आणि फोटो धुऊन आले. मुंगूस हललं होतं, त्यामुळे त्याच्या जागी नुसता धुरकट डाग होता. वकीलसाहेब मात्र भीतीनं थिजले होते, त्यामुळे दातांतल्या सोग्यासकट लख्ख आले होते. हे दोन दिवस जेवले नाहीत धड. मला मेलीला हसू आवरेना.

फोटो टाकून देण्याआधी यांनी भिडेखातर तो वकिलांना दाखवला. त्यांनी तो मागून घेतला, आणि महिन्याभरात त्यांच्या दिवाणखान्यात चौकटीत टांगलेला दिसला. येणाऱ्या पक्षकाराला ते सांगत, "वाघ इकडे, डाव्या अंगाला होता. चौकटीत मावला नाही. मी उंचावरून नजर रोखली, म्हणून मास्तर आणि वहिनी वाचले."

एकदा आमच्यासमोरच हे सुरू झालं. यांना राहवेना. "अहो, मी कॅमेऱ्यात डोळा घालून बसलो होतो. मुंगूस होतं ते!"

वकीलसाहेब जराही डगमगले नाहीत. "तेच तर मास्तर," ते प्रेमानं म्हणाले, "तुमच्या त्या काचेत सगळं लहानच दिसतं."

पक्षकारानं मान डोलावली. घरी येताच यांनी कॅमेरा कपाटात टाकला. पुढच्या रविवारी मात्र छत्री घेऊन मला हाक मारली. वाडीत खारीला पिल्लं झाली होती.