विमानाला माशाचं तेल

आज रत्नागिरीत पुतण्याचं लग्न. त्याने नवरीला माझी ओळख करून दिली, “ही आमची काकू. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साली हिच्याकडे विमान होतं. नुसता येडेपणा!”

होतं, मंडळी! दोन सीटांचं, आणि चालवायचे मी.

खाऱ्या वाऱ्याने ते गंजायचं. म्हणून एकदा होडीला चोपडतात तसं त्याला माशाचं तेल चोपडलं. सकाळी पंखांवर गावभरची मांजरं! सगळे हसले. सासरे म्हणाले, “विकून टाक गो. बायकांचं काम न्हाय ह्ये.”

मी मांजरं हाकलली, पंख साबणाने घासले आणि त्याच दुपारी सासऱ्यांच्या कौलांवरून दोन चकरा मारल्या.

नवरीने हळूच विचारलं, “काकू, वरून घर केवढं दिसायचं हो?”

म्हटलं, “काडेपेटीएवढं. हसणारे तर दिसायचेच नाहीत.”