अब्बासने मोडलेला सौदा

अब्बास गेल्याची बातमी माझ्याच ट्रकच्या ड्रायव्हरने आणली. मी दहिवलीला गिरणीच्या दारात एका शेतकऱ्याशी भाताच्या भावावरून वाद घालत उभा होतो. ट्रक खोपोलीहून रिकामा परत आला, ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "शेठ, शिळफाट्याचं गॅरेज बंद हाय. अब्बासभाय सकाळी गेले." शेतकऱ्याला उद्या ये म्हटलं आणि त्याच ट्रकमध्ये बसून लोधिवलीला त्याचं घर गाठलं. जनाजा निघायच्या बेतात होता. अंगणाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली, गोणपाट पांघरलेली, त्याची लाल इटालियन मोटारसायकल उभी होती. खांदा देताना माझी नजर तिच्याकडे गेली, हे लपवून काय उपयोग... त्या गाडीवरून आमच्यात जे होतं, ते त्याला माती दिल्यावरही मिटलेलं नव्हतं. आता तीन महिने उलटले, म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही चौकच्या शाळेत एका बाकावर बसलो. शाळा दोघांचीही अर्धवट सुटली. तो ट्रकच्या गॅरेजमध्ये शिरला, मी कर्जतला भातगिरणीत गोणी उचलायला लागलो. पुढे त्याने शिळफाट्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं आणि मी स्वतःची गिरणी. गोणी उचलायचे दिवस होते तेव्हा मी माल घेऊन ट्रकच्या हौद्यात बसून खोपोलीचा घाट चढायचो. आमचा ट्रक पहिल्या गिअरमध्ये रडत असायचा आणि बाजूने एक लाल मोटारसायकल झपकन पुढे जायची. तिच्यावर खोपोलीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला इटालियन इंजिनियर, हँडल खाली असल्यामुळे पुढे ओणवा झालेला. तिचा आवाज पुढच्या दोन वळणांपर्यंत ऐकू यायचा. मी गोण्यांवर बसून ठरवलं होतं, ही गाडी एक दिवस माझी होणार. आयुष्यात पुष्कळ वस्तू घेतल्या, पण इतकी मनापासून हवीशी वाटलेली ती एकच.

पुढे काही वर्षांनी साहेब मायदेशी परतायला निघाला आणि गाडी विकायची असल्याचं कळलं. तोवर माझ्या हातात चार पैसे आले होते. मशीन तपासायला मी अब्बासला बरोबर घेतलं. त्याने गाडी चालू करायला लावली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिला. मग साहेबाला कळू नये म्हणून चेहरा मढ्यासारखा ठेवून मला म्हणाला, "मशीन एक नंबर हाय रं. तू तोंड वाकडं कर."

मी तोंड वाकडं केलं. पार्ट मिळत नाहीत, किक डाव्या बाजूला आहे, टायर गेलेत, असं एकेक काढत गेलो. साहेब भावात थोडा खाली आला आणि थांबला. मग मी नेहमी करतो ते केलं. हात जोडले, उठलो आणि चालायला लागलो. ज्याने आयुष्यभर खरेदी-विक्री केली त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उठून जाणं हा सौद्याचाच एक भाग असतो. फाटकाशी पोचलं की चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने वाकायचं, म्हणजे समोरच्याला हाक मारायला वेळ मिळतो. साहेबाने हाक मारली नाही. म्हटलं, दोन दिवस शिजू दे त्याला.

दोन दिवसांनी अब्बास तीच गाडी घेऊन गिरणीच्या दारात आला.

"काय रं हे?"

"घेतली."

"कितीला?"

"त्यानं सांगितलं तेवड्याला."

गाडी गेली याच्यापेक्षा ते शेवटचं उत्तर मला जास्त लागलं. मी खाली आणत आणलेला सौदा त्याने मूळ भावाला उचलला होता. गिरणीवरच्या माणसांसमोर मी त्याला नको नको ते बोललो. त्याने ऐकून घेतलं, डाव्या बाजूला उभं राहून किक मारली आणि निघून गेला.

बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं. पण घाट माझ्या ट्रकांचे क्लच खायचा आणि अब्बासने बसवलेला क्लच जितका टिकायचा तितका दुसऱ्या कुणाचा टिकत नसे. त्यामुळे आधी ड्रायव्हरच्या तोंडून निरोप, मग क्लचपुरतं बोलणं, असं करत तोंड उघडलं. एक दिवस तोच माझ्याकडे आला. गाडीच्या इंजिनातला एक उभा दांडा आणि त्याचे दातेरी गिअर वरचे व्हॉल्व्ह हलवायचे. त्यातला एक गिअर झिजला होता. मुंबईच्या जुन्या बाजारात तसा एक त्याने पाहिलाही होता, पण घेता आला नव्हता.

"तू चल. माजं तोंड बगितलं का दुकानदार भाव वाडवतो."

"तुझ्या गाडीसाठी मी कशाला येऊ?"

"नको येऊ. मंग गाडी हितंच लावून जातो. रोज बगत बस."

गेलो. दुकानदाराला रडवून गिअर आणला. त्यानंतर वर्षानुवर्षं हेच चाललं. इटालियन स्कूटरच्या भंगारातून कार्बोरेटरचे जेट मी काढून आणायचे, व्हॉल्व्हसाठी चकत्या कापून देणाऱ्या लेथवाल्याशी मी भांडायचं आणि बसवायचं अब्बासने. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, तो इंजिन पूर्ण गार असतानाच सेट करायचा. रात्रभर उभी राहिलेली गाडी रविवारी सकाळी उघडायची, सुटे भाग जुन्या चादरीवर काढले त्या क्रमाने मांडायचे. मी तिथे स्टुलावर बसून त्याला शिव्या द्यायचो. काम झालं की तो गाडी चालू करायचा, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकायचा आणि हँडल माझ्याकडे वळवायचा. "घे, घाटापर्यंत जाऊन ये." मी दर वेळी सांगायचो, "माझी असती तर गेलो असतो." तो कधी आग्रह करत नसे. एकटाच वर जाऊन यायचा आणि मी खाली बसून वळणावळणाला बदलणारा तो आवाज ऐकायचो.

मागच्या पावसाळ्यानंतर त्याच्या छातीने दगा दिला. गॅरेजवर जाणं सुटलं, हात थरथरायला लागले. एक दिवस निरोप आला, गाडी चालू होत नाही, ये. पडवीत खाटेवर तो उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "मी सांगतो, तू कर." प्लग काढून इंजिनाला टेकवून किक मारायला लावली. ठिणगी आली ती पिवळी, मरगळलेली. "पॉइंट उघड." ठिणगी पाडणारे ते पॉइंट जळून काळे पडले होते. "कंडेन्सर गेलाय. डब्यात स्कूटरचा हाय बग, तूच आनलेला." मी पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. माझे हात काळे आणि डोकं तापलेलं. गाडी चालू झाली तेव्हा तो हसला, मग खोकत राहिला.

खोकला थांबल्यावर गाडी बंद करायची खूण केली. म्हणाला, "तू उटून गेलास त्या दिवशी. सायबाला वाटलं, तुला नको."

"साहेब परदेशी होता. तुला ठाऊक होतं ना, उठून जाणं म्हणजे काय ते?"

तो गाडीकडे बघत राहिला...

"ठावं व्हतं," म्हणाला. "पन आवाज आयकला व्हता ना रं मी."

इतक्या वर्षांत त्याने दिलेलं हे एकच उत्तर. हात धुऊन निघालो. ती शेवटची भेट.

चाळिसावा झाल्यावर मी पुन्हा गेलो. त्याची बायको, खतिजाभाभी, ओटीवर तांदूळ पाखडत होती. गाडीचं काय करायचं ठरवलंय, असं मी सरळच विचारलं.

"तुमाला द्यायची, असं सांगून गेलेत."

"किती मागायला सांगितलंय?"

"इकायची नाय, भावजी. तशीच द्यायची. पैशाचं नाव काडलं तर देऊ नको बोलले."

माझ्या डोक्यात सणक गेली. जाता जाताही सौदा त्यानेच मोडला होता. म्हणालो, "मी कुणाचं फुकट घेतलेलं नाही, भाभी. घेणार नाही."

"मंग नका घेऊ," ती म्हणाली आणि सूप उचललं.

मी हात जोडले, उठलो आणि चालायला लागलो. फाटकाशी पोचल्यावर चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो. मागे सुपाचा आवाज तसाच चालू होता. जरा जास्त वेळ वाकून राहिलो. हाक आली नाही... मग मी परत फिरलो.

"किल्ली?"

"गाडीलाच हाय. तो स्क्रूड्रायवर बी घेऊन जा, पिशवीत बांदून ठेवलाय."

आता गाडी माझ्या गिरणीत असते. घाट चढून आलो एकदा; तो अनुभव लिहिणार नाही. त्याने मला विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही आहे. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, टॅपेट बघतो. मग डाव्या बाजूला उभा राहून किक मारतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो आणि त्याच्या हाताने गुळगुळीत झालेली ती लाकडी मूठ कानाला लावतो. मशीन अजून एक नंबर आहे. समोर कुणी नसतं, तरी मी तोंड वाकडं करतो.