माझ्या हातातली हिरवी बांगडी

साठ सालच्या आसपासची गोष्ट. बायकोला सातवा महिना लागला तसा कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या आमच्या घरी हिरव्या बांगड्या भरायला बळेगार, म्हणजे आपला कासार, आला. तिचे हात सुजलेले. तो अंगठा मुडपून एकेक बांगडी चढवत होता आणि ती ओठ चावत होती.

"एक नंबर मोठी नाही का चालणार, आई?"

"सैल बांगडी शोभत नाही हाताला," आमच्या आईनं निकाल दिला. "एवढ्यानं कण्हलीस तर पुढं काय करशील?"

इथं मी गप्प बसायचं. पण सरकारी कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मापं तपासणारा मी! "काचेचं कडं ते, त्यात दुखायचं काय?" म्हणत त्याच्याकडची मोठ्यात मोठी बांगडी उचलली आणि स्वतःच्या हातात कोंबली. अंगठ्याच्या सांध्यावर ती रुतून बसली. पुढं जाईना, मागं येईना.

बघता बघता बोटं वांग्यासारखी जांभळी झाली. खोबरेल झालं, साबण झाला. शेवटी बळेगारानं माझाही अंगठा मुडपला, तेव्हा मी अशी बोंब ठोकली की शेजारची अक्का लाटणं घेऊनच धावत आली.

"स्वल्प सहन करा, अण्णा," बळेगार म्हणाला. मघापासून तो बायकोला हेच सांगत होता. तेव्हा मला ते अगदी रास्त वाटलं होतं.

"फोडा हो ती!" आई ओरडली. "पोराचा हात जाईल!"

अडकित्त्यानं कट्‌कन आवाज केला आणि मी सुटलो. आईनं हळद लावली, अक्कानं कॉफी आणली.

बायको हात मांडीवर ठेवून बघत होती. "अहो," ती हळूच म्हणाली, "माझ्याही तेवढ्या काढायला सांगा ना. मोठ्या भरते."

"बाळंतपणाआधी हिरव्या बांगड्या फोडायच्या? भलतंच!" आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुला काही म्हणायचंय का रे?"

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. बळेगारसुद्धा थांबला होता. मी हळदीनं माखलेला अंगठा फुंकला.

"कॉफीत साखर कमी आहे," मी म्हणालो.

बायकोनं दुसरा हात पुढं केला. उरलेल्या सहा बांगड्या चढेपर्यंत तिनं हूं की चूं केलं नाही. आई अक्काला कौतुकानं म्हणाली, "बघ, झाली की नाही सवय!"