टाकीवरचा अबोला

टाकीवाल्या काकांचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. कारखान्यातलं रसायनाचं सांडपाणी ज्या टाकीत शुद्ध होतं, तिच्या कठड्याला टेकून अर्धं आयुष्य काढलेला माणूस. बायको त्याच कारखान्यात, कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर. काल जेवणाच्या सुट्टीत काका सगळ्यांदेखत बरळले, "हिला काय कळतंय? गार हवेत बसून आकडे वाचते नुसती!" झालं! बाईंनी अबोला धरला, आणि आज सकाळी घराला कुलूप लावताना दाराला सांगितलं, "मी संध्याकाळी भावाकडे चाललेय. कायमची."

काकांची पाचावर धारण बसली. पण पहिल्या झटक्यात माफी मागेल तो नवरा कसला!

दुपारी वॉकीटॉकी खरखरली. अख्ख्या कारखान्याला ऐकू जाणारी ती एकच लाइन.

"टाकी ब्याण्णव टक्के. भरायचा पंप बंद केलाय," बायको म्हणाली, अगदी परक्या माणसाशी बोलावं तशी.

काकांनी वाकून पाहिलं. पांढराशुभ्र फेस टम्म फुगून वर आला होता. त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अगं, फेस आहे तो! वरचा सेन्सर फेसालाच पाणी समजतोय. पाणी अर्ध्यावरसुद्धा नसेल. आता तरी पटलं ना, डोळ्यांनी बघावं लागतं?"

"झालं बोलून? वरचा सेन्सर ब्याण्णव दाखवतोय, तळातला दाब मोजणारा पंचेचाळीस. मधला सगळा फेस, हे मला तुमच्याआधी कळलंय. फेस मारायचं औषध मघाशीच सोडलं. पंप बंद केला तो फेस तुमच्या अंगावर येऊ नये म्हणून. मागे सरका आधी!"

काका सरकेपर्यंत फेसाचा लोळ कठडा ओलांडून त्यांच्या बुटांवर आला. खाली फिटर पोट धरून हसत सुटला. काकांना मात्र भरून आलं. एवढं रागावूनही बाईचं लक्ष आपल्यावरच!

"चुकलो," ते पुटपुटले.

"नीट ऐकू नाही आलं." हा बॉयलरवाला.

"इथंपण नाही!" गेटवरचा वॉचमन.

"चुकलो म्हणतोय ना, कानात बोळे घातलेत का मेल्यांनो! माझी बायको माझ्यापेक्षा शहाणी आहे! जाऊ नकोस गं!"

लाइन पुन्हा खरखरली.

"भावाला कळवते, आज येत नाही म्हणून," बायको म्हणाली. "उद्याचं तुमच्या तोंडावर अवलंबून आहे."