बंद पंपाची रीडिंग्ज

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एम.ई.च्या प्रयोगशाळेतला पाण्याचा पंप चार वर्षं बंद होता आणि चारही वर्षं त्याची रीडिंग्ज अगदी वेळेवर येत होती. मागच्या बॅचची जर्नल पुढची बॅच उतरवून काढायची, एखादा आकडा इकडचा तिकडे करायची. खाली प्रयोगशाळा सहायक म्हणून सहदेवकाकांची सही, आणि त्या सहीवर मार्क देणारा मी. तेव्हा हसायचं असेल तर मलाही हसा.

सहदेव मढवी मूळचे फिटर. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात ते नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचे. कारखाना बंद पडल्यावर ते विठ्ठलवाडीजवळच्या आमच्या कॉलेजात आले. पंप जाम झाला तेव्हा त्यांनी तो खोलायची परवानगी मागितली. दोनदा अर्ज केला. उत्तर काही आलं नाही, सबमिशनची तारीख मात्र आली. मग त्यांनी सही केली आणि पुढे करतच राहिले.

यंदा क्षिप्रा मॅडम बाहेरून विभागप्रमुख म्हणून आल्या. त्यांचा प्रस्ताव सरळ होता: एम.ई.च्या मुलांनी छापील प्रयोग करायचे नाहीत, बिघडलेली खरी यंत्रं दुरुस्त करायची, आणि अर्धे मार्क त्याचे. विद्यापीठाची समिती प्रयोगशाळेच्या पाहणीला आली. समितीतल्या एका सरांनी जुनी जर्नल्स चाळली. "सगळं उत्तम चाललंय की. मग बदलायचं कशाला?"

मॅडमना पंपाचं ठाऊक नव्हतं. मला होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, सर्व्हिस बुकवर एक डाग नाही. 'तुमी मधी बोलू नका,' असं त्यांच्या बायकोनं, मालनकाकूंनी, सकाळीच बजावलेलं. तरी काका पुढे आले.

"सर, पंप बंद हाय. चार वर्षं झाली. जर्नलवर सही माझीच हाय."

सरांनी बटण दाबलं. मोटर नुसती घुमली, पाण्याचा थेंब आला नाही. मग मीही उठलो आणि मार्क माझे आहेत म्हणून सांगितलं. काकांपेक्षा अर्धं मिनिट उशिरा. त्या अर्ध्या मिनिटाची मला अजून लाज वाटते.

प्रस्ताव एका वर्षासाठी मंजूर झाला. आम्हा दोघांना मेमो मिळाला. मालनकाकू दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात मॅडमनी गुरुवारचं प्रॅक्टिकल काकांकडे दिलं.

"मला कुठली डिग्री, मॅडम?"

"पंप खोलता येतो ना? मग शिकवा."

पहिल्या गुरुवारी मी मुद्दाम जाऊन बसलो. चार मुलं, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. गंजलेला शाफ्ट बाहेर काढण्यातच तीन तास गेले. मितेश घड्याळाकडे बघून कुरकुरत होता, योगिनी मात्र पाना सोडायला तयार नव्हती. इतक्या वर्षांत त्या खोलीत एवढा गोंधळ मी पाहिला नव्हता, आणि मला फार बरं वाटत होतं.

पाच वाजता योगिनीने हात पुसून जर्नल उघडलं.

"काका, आज तर पंप चालूच नाही झाला. रीडिंगच्या कॉलममध्ये काय लिहू?"

"चालू नाही झाला, असं लिही."