टकटक आत्याची बोटं

आमची आत्या स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. बाकी अंग शांत, पण बोटं चालूच. टेबलाच्या कडेवर, पेल्यावर, बसच्या दांडीवर. म्हणून घरात तिचं नाव टकटक आत्या. त्या टकटकीने एकदा सगळं घर कसं हवालदिल केलं, ते मला बाबांनी सांगितलं.

देश नवा होता आणि त्याची घटना लिहिली जात होती. आत्या मसुदा समितीच्या कचेरीत टायपिस्ट होती. सभासद दिवसभर वाद घालत, ओळी खोडत, पुन्हा लिहीत. एकच कलम ती इतक्यांदा टाइप करी, की ते बोटांत मुरून जाई. कचेरीतलं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ होती, आणि आत्या शब्दाची पक्की.

घरी मात्र आजीचा जीव एकाच कलमात अडकलेला. आत्याची थोरली बहीण, घरातली ताई, लग्न होऊन गेली ते गाव नव्या सरहद्दीपलीकडे राहिलं होतं. पुढे नवरा वारला, सासरी कोणी विचारेना. तिला इकडची नागरिक म्हणून परत येता येईल का, ते घटनाच ठरवणार होती.

"काय ठरलं गं?" आजी रोज विचारी.

"आई, माझी नोकरी घालवशील तू."

"पोटच्या पोरीचं विचारतेय मी, सरकारचं नाही!"

एका संध्याकाळी असंच चाललं होतं. आत्या गप्प, पण बोटं टेबलावर पळत होती. समोर बाबा. दोघं बहीणभाऊ टायपिंगच्या क्लासला एकाच मशीनवर शिकलेले. बाबा नापास झाले, तरी कुठलं बोट कुठल्या अक्षरावर पडतं हे विसरले नव्हते. बघता बघता त्यांना शब्द लागू लागले: 'विवाहामुळे बाहेर गेलेल्या स्त्रियांना परतण्याचा हक्क राहील.' बाबांच्या पोटात काही राहत नसे. त्यांनी आजीला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आत्या घरी आली तर ताईची गादी उन्हात, खोली धुतलेली, आणि आजी शेजारच्या शिंपीणबाईंना पडद्याचं माप देतेय.

"हे काय? कोणी सांगितलं?"

"तुझ्या बोटांनी," बाबा हसून म्हणाले.

आत्या आपल्या बोटांकडे बघत राहिली. तेच वाक्य त्या दिवशी सकाळी खोडलं गेलं होतं. गादी आत घे, एवढं म्हटलं असतं तरी सगळं सांगितल्यासारखंच झालं असतं.

आजी गुणगुणत पडदे लावी. आत्या मात्र जेवण झालं की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. ते दाबलेले हात पाहून ते वाक्य गेलं हे बाबा समजले. पण आजीला सांगायचा धीर त्यांनाही झाला नाही. पुढे कित्येक आठवडे बहीणभाऊ एकमेकांची नजर चुकवत घरात वावरले.

घटना मंजूर झाली त्या दिवशी आत्या धापा टाकत आली. चपलाही न काढता टेबलाशी बसली.

"दादा, वाच. आता सगळीकडे छापून आलंय, आता चालतं."

"अगं मग तोंडाने सांग की!"

"तोंडाने नाही जमणार मला."

बोटं चालू लागली, बाबा मोठ्याने वाचू लागले. वाक्य परत आलं होतं, फक्त शेपूट लावून: अशा स्त्रीने नागरिक होण्याआधी येऊन वर्षभर देशात राहावं.

"वर्षभर? कुठे राहायचं तिने?" आजी घाबरली.

"इथेच गं आई. तिच्या खोलीत."

"एवढंच ना?" आजी उठली. "मग बसलात काय? ती गादी पुन्हा उन्हात टाका."