घरातला कापूस

काल गादीवाल्यानं जुनी उशी उसवली आणि कापसाचा कोंदट वास नाकात शिरला. खोकता खोकता मी आर्णीजवळच्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

त्या हिवाळ्यात कापसाला भावच नव्हता. एकुलती एक खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. माझे आजोबा, आबा, त्या ढिगाला टेकून दिवसभर धापा टाकत बसायचे, कारण आडवं झालं की त्यांचा श्वास अडकायचा.

तपासायला आलेल्या सिस्टर आईला म्हणाल्या, "या धुळीत आबा टिकत नाहीत बाई. अन् थंडीतबी नाही. कापूस बाहेर काढा."

आईनं अंगणाकडे पाहिलं. बाहेर दव पडत होतं, आणि भिजलेला कापूस कोणी घेतला नसता.

"माही खाट घे ना ओसरीवर," आबाच म्हणाले. "मले तिथं मोकळं वाटते."

आईनं सुटकेचा सुस्कारा सोडला. आम्ही खाट बाहेर नेली. संक्रांत काही आबांनी पाहिली नाही.

तेव्हा मला त्यांचं बोलणं खरं वाटलं होतं. आता आईचा तो सुस्कारा आठवतो. मी दारात होते, तरी मला ऐकू आला. आबा तर तिच्या शेजारीच बसले होते.